पहिली मॅगझिनवाली बोल्ट बंदूक : स्विस व्हेटर्ली, १८६९

ऱ्हाइनकाठी

मी शाफहाउजेनला राहतो. ऱ्हाइनचा धबधबा इथून चालत अर्ध्या तासावर. आमच्या तळमजल्यावर ऐंशी ओलांडलेले एक आजोबा आहेत. त्यांच्या दिवाणखान्यात वायुभारमापक आणि लग्नाचा फोटो यांच्या मधोमध एक लांबलचक बंदूक टांगलेली आहे. मला वाटायचं, शोभेची असेल. परवा त्यांचं पार्सल द्यायला गेलो तर म्हणाले, "बघ उचलून." उचलली. साडेचार किलोच्या वर वजन, आणि ते सगळं पुढे नळीकडे झुकलेलं. म्हणाले, "माझ्या पणजोबांची. युद्धात एकदाही उडाली नाही. पण त्या काळी जगात पहिली होती."

"पहिली" म्हटल्यावर मला राहवेना. आठवडाभर वाचून काढलं, म्हणून हा धागा.

बंदुकीचं नाव व्हेटर्ली, नमुना १८६९. एखाद्या देशाने आपल्या पायदळासाठी सर्रास स्वीकारलेली ही पहिली अशी बंदूक, जिच्यात मागचा बोल्ट (दाराच्या कडीसारखा सरकणारा दट्ट्या) आणि पोटातलं मॅगझिन (काडतुसांचा साठा) दोन्ही एकत्र होते. सुट्यासुट्या दोन्ही गोष्टी आधीच होत्या. प्रशियाची ड्रायझं बोल्टची होती, पण दर बाराला एक काडतूस हाताने घालायचं. अमेरिकेतल्या स्पेन्सर आणि हेन्रीमध्ये काडतुसांचा साठा होता, पण त्या चालायच्या खालच्या तरफेवर. जमिनीला पोट लावून झोपलेल्या शिपायाला ती तरफ खाली ओढायला जागाच मिळत नाही.

आता हे स्वित्झर्लंडला का सुचावं? कारण भीती. ३ जुलै १८६६ रोजी क्योनिगग्रेट्झला प्रशियाने ऑस्ट्रियाला लोळवलं. ऑस्ट्रियन शिपाई उभा राहून तोंडाकडून बंदूक ठासत होता आणि प्रशियन शिपाई आडवा पडून तेवढ्याच वेळात तीन-चार बार काढत होता. स्विस लोकांचे चारही शेजारी दांडगे, आणि घरात बंदुका सगळ्या ठासणीच्या. मग धावाधाव. आहेत त्या बंदुकांची मागची बाजू कापून तिथे झाकण बसवायचं ठरलं. मूळ कल्पना मिलबँक नावाच्या अमेरिकनाची, सुधारणा याकोब आम्सलर यांची. हे आम्सलर आमच्या शाफहाउजेनचे गणितज्ञ. सिव्हिल इंजिनियर मंडळींनी कॉलेजात नकाशावर प्लॅनिमीटर फिरवून क्षेत्रफळ काढलं असेल, तो ध्रुवीय प्लॅनिमीटर यांचाच! शिवाय अमेरिकेतून १५,००० पीबडी बंदुका विकत घेतल्या. ही सगळी ठिगळं होती, हे त्यांनाही माहीत होतं.

कायमच्या बंदुकीसाठी चाचण्या झाल्या तेव्हा अमेरिकन विंचेस्टर उजवी ठरली होती. पण परक्या कारखान्यावर अवलंबून राहायची तयारी नव्हती. इथे फ्रिडरिश व्हेटर्ली आले. जन्म १८२२, थुरगाव प्रांतातला. शाफहाउजेनला बंदूककाम शिकून पॅरिस, सेंट एतिएन, इंग्लंड असं फिरून आलेला हा कारागीर १८६४ पासून धबधब्याजवळच्या नॉयहाउजेनमधल्या कारखान्यात शस्त्रविभाग सांभाळत होता. हा कारखाना १८५३ मध्ये रेल्वेचे डबे बांधायला निघालेला. पुढे एसआयजी म्हणून जगभर गाजला. व्हेटर्लींनी विंचेस्टरचं पोट घेतलं आणि त्यावर बोल्टचं डोकं बसवलं. नळीखाली लाकडात दडलेली लांब नळकांडी, तिच्यात एकामागे एक ११ काडतुसं. उजव्या बाजूच्या फटीतून ती एकेक करून आत ढकलायची. एक उचलपट्टीवर, एक नळीत, म्हणजे एकूण १३. बोल्ट मागे ओढला की उचलपट्टी काडतूस वर आणते, पुढे ढकलला की ते नळीत जातं. आपली दाराची कडी कशी सरकवून खाली पाडतो, तसाच हात. घोडा वेगळा चढवावा लागत नाही, तो त्याच हालचालीत चढतो. सवयीचा शिपाई मिनिटाला वीसेक बार काढायचा.

१८६८ मध्ये तत्त्वतः पसंती मिळाली, १८६९ मध्ये नमुना पक्का झाला. आणि मग, जे कुठल्याही सरकारी कामात होतं तेच. नमुन्यात बदल, कारखान्यांची जुळवाजुळव, उशीर. १८७० मध्ये फ्रान्स आणि प्रशिया भिडले, सीमेवर स्विस फौज उभी राहिली, तेव्हा बहुतेकांच्या हाती ही बंदूक पोचलीच नव्हती. १ फेब्रुवारी १८७१ ला फ्रेंचांची, जनरल बूर्बाकीची हरलेली फौज, सुमारे ८७,००० माणसं, बर्फातून ले व्हेरिएरच्या नाक्यावर आली आणि शस्त्रं खाली ठेवून आत शिरली. त्यांना सामोरी गेलेली स्विस माणसं बरीचशी अजून ठिगळाच्याच बंदुका घेऊन होती. ल्युसर्नला या प्रसंगाचं भलं मोठं गोलाकार चित्र आहे, एदुआर कास्त्र यांचं. कुणी आलात तर जरूर बघा.

त्यानंतर व्हेटर्ली घराघरांत गेली, पण तिच्यावर युद्धाची वेळ आली नाही. वीस वर्षांत ती जुनी झाली. ते का, ते कुणी विचारलं तर सांगतो. लेख आधीच लांबला.

---

कोपऱ्यावरची_टपरी

विचारलं! पुभाप्र (पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत) वगैरे नको, इथेच सांगा.

---

चिकित्सक_बापू

लेख छान. एक शंका. "पहिली" हा शब्द जपून वापरा. प्रयोगाच्या पातळीवर बोल्ट आणि साठा एकत्र करणारे आधीही होते. सर्रास पायदळाला देणं, ही अट काढली तर दावा टिकणार नाही.

दुसरं, दांडगे शेजारी ही बंदूक बघत नव्हते का? त्यांनी लगेच नक्कल का नाही केली?

---

ऱ्हाइनकाठी

बापू, अट म्हणूनच लिहिली आहे. 🙂

दुसरा प्रश्न खरा मोलाचा. यादीच बघा. जर्मनीने १८७१ मध्ये माउझर घेतली, ती एकबारी. ब्रिटनने १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री घेतली, एकबारी. फ्रान्सने १८७४ मध्ये ग्रा घेतली, तीही एकबारीच. म्हणजे स्विस गवळ्याच्या घरात १३ काडतुसांची बंदूक टांगलेली, आणि सगळ्या बड्या फौजा पुढची दहा-पंधरा वर्षं एकेक काडतूस चिमटीत धरून घालतायत.

कारणं मला दोन दिसतात. एक म्हणजे पैसा. काही लाखांची फौज नव्याने सजवायची तर खजिना हलतो. स्वित्झर्लंडची फौज त्या मानाने लहान. दुसरं कारण सेनापतींच्या डोक्यातलं: शिपायाच्या हाती साठा दिला की तो घाबरून उधळणार, आणि ऐन वेळी पोतडी रिकामी. स्विस हिशोब उलटा होता. माणसं थोडी, म्हणून एकेकाने तिघांचं काम करायला हवं. शिवाय ते लहानपणापासून नेमबाजीच्या मेळ्यांत वाढलेले, त्यांच्यावर "उधळतील" असा संशय घ्यायला तिथला अधिकारी धजावला नसता.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या व्हेटर्लीवर मॅगझिन बंद ठेवायचा एक खटका होता. म्हणजे एकेक काडतूस घालत राहा, साठा राखून ठेवा. दोन वर्षांत स्विसांनी तो काढून टाकला. ब्रिटिशांनी तसाच खटका आपल्या रायफलवर महायुद्ध सुरू होईपर्यंत जपला, आणि १९१६ च्या आसपास उत्पादनाची घाई झाली तेव्हा कुठे सोडला.

---

माजी_कॅडेट

तांत्रिक प्रश्न. काडतूस कसलं होतं? आमच्या एनसीसीत पॉइंट टू-टू होती, तिच्या काडतुसाला बुडाच्या मध्यभागी ठोक्याने पेटणारी टोपी नसते, काठावर ठोका बसतो. तसं काहीतरी फोटोत वाटतंय.

---

ऱ्हाइनकाठी

अगदी तेच! व्हेटर्लीचं १०.४ मिलिमीटरचं काडतूस म्हणजे तुमच्या पॉइंट टू-टूचा आडदांड काका. तांब्याची डबी, बुडाच्या काठाच्या घडीत स्फोटक मसाला भरलेला. ठोका हुकू नये म्हणून व्हेटर्लींनी ठोका मारणाऱ्या सुईला दोन दाते दिले, म्हणजे काठावर दोन ठिकाणी एकदम ठोका. गोळी शिशाची, सुमारे २० ग्रॅम.

याचा एक फायदा कुणी फारसा सांगत नाही. नळकांडीच्या मॅगझिनमध्ये मागच्या गोळीचं नाक पुढच्या काडतुसाच्या बुडाला टेकलेलं असतं. मध्यभागी टोपी असेल आणि गोळी टोकदार असेल, तर धक्क्याने आतल्या आत बार होण्याची भीती. इथे मध्यभागी काहीच नाही, त्यामुळे निर्धास्त.

आणि टपरीवाले, तुमचं उत्तरही इथेच आहे. काठावर ठोका मारून घडी चेपायची म्हणजे डबीचं बूड मऊच ठेवावं लागतं. मऊ बूड जास्त दाब सोसत नाही. काळ्या दारूपुरतं ते चाललं. १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू काढली, १८८६ मध्ये लेबेल रायफल आली आणि सगळा डावच उलटला. लहान गोळी, प्रचंड वेग, धूर नाही. व्हेटर्लीच्या डबीत ती ताकद भरणं शक्यच नव्हतं. म्हणजे बंदूक झिजून नाही, काडतुसापायी म्हातारी झाली.

---

मीनाक्षी७

मला शस्त्रांत काडीचा रस नाही, पण वाचत गेले. गणितज्ञाचा प्लॅनिमीटर फार आवडला. घराघरांत बंदूक हे खरंच होतं की पर्यटकांना सांगायची गोष्ट?

---

ऱ्हाइनकाठी

खरंच होतं. १८७४ च्या नव्या संघराज्य घटनेत शस्त्र सैनिकाकडेच राहील अशी तरतूद आली. कायमची खडी फौज नाही, प्रत्येक शेतकरी-सुतार-घड्याळजी हाच शिपाई. म्हणून तर आजोबांच्या भिंतीवर ती आहे. पणजोबा चीज करायचे, असं ते सांगतात.

---

थ्रीनॉटथ्री

उशिरा आलो. लेख उत्तम, पण इटलीला का सोडलंत राव? खरी करमणूक तिथे आहे.

इटलीने १८७० मध्ये व्हेटर्लीच घेतली. फक्त एक केलं: मॅगझिन काढून टाकलं! जगातली पहिली मॅगझिनवाली बोल्ट बंदूक घ्यायची आणि तिचं पोट कापून एकबारी करायची. वर तुम्ही म्हणता तीच "उधळेल" ही भीती. काडतूस मात्र त्यांनी शहाणपणाने मध्यभागी टोपीचं केलं. मग १८८७ मध्ये डोळे उघडले, आणि जुसेप्पे व्हिताली यांनी खालून चार काडतुसांची पेटी जोडली. झाली व्हेटर्ली-व्हिताली. १ मार्च १८९६ ला आडवाला इथिओपियाच्या मेनेलिक राजाने इटालियन फौजेची जी धूळधाण केली, त्या फौजेकडे हीच बंदूक होती. तोवर इटलीकडे नवी कार्कानो आलेली होती, पण आफ्रिकेत पाठवली जुनीच. आणि काही वर्षांपूर्वी मैत्रीच्या तहात मेनेलिकला बंदुका पुरवणारेही इटलीच!

पुढे १९१४ च्या एप्रिलमध्ये आयर्लंडच्या उत्तरेला लार्न बंदरात अल्स्टरवाल्यांनी (आयरिश स्वराज्याच्या विरोधकांनी) रात्रीत हजारो बंदुका चोरून उतरवल्या, त्यांतही इटालियन व्हेटर्ली होत्या. पहिल्या महायुद्धात टंचाई झाली तेव्हा इटलीने याच बंदुकांच्या नळीत नवी नळी बसवून ६.५ मिलिमीटरच्या केल्या. स्विस बहीण भिंतीवर बसून राहिली, इटालियन बहिणीने मात्र जग पाहिलं.

---

चिकित्सक_बापू

"उधळेल" या भीतीला पहिला धक्का १८७७ मध्ये रशिया-तुर्की युद्धात, प्लेव्हनाच्या वेढ्यात बसला. तुर्कांकडे लांब पल्ल्याला पीबडी-मार्टिनी आणि जवळच्या माऱ्याला विंचेस्टर. रशियन रांगा खंदकांसमोर अक्षरशः झोपल्या. त्यानंतर युरोपातल्या सगळ्या युद्धखात्यांना मॅगझिन हा शब्द गोड लागायला लागला.

---

सत्तरीकर

गोव्याकडचा एक धागा जोडतो. पोर्तुगालने १८८६ मध्ये क्रोपाचेक घेतली, ऑस्ट्रियातल्या श्टायरच्या कारखान्यात बनलेली, आठ मिलिमीटरची. नळीखाली नळकांडीचं मॅगझिन, म्हणजे व्हेटर्लीचीच भावकी. त्याच्या वर्षभर आधीच त्यांनी गेदिश नावाची एकबारी पसंत केली होती. ती बाजूला सारून ही घेतली.

१८९५ मध्ये मोझांबिकच्या मोहिमेत पोर्तुगीज पायदळाकडे हीच क्रोपाचेक होती. त्याच वर्षी गोव्यातल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जायचा हुकूम झाला, त्यांनी नकार दिला, बंड झालं आणि सत्तरीचे राणे त्यात उतरले. दादा राण्यांचं नाव आमच्याकडे अजून घेतात. लिस्बनहून राजाचा भाऊ आफोंसु फौज घेऊन आला. शाळेत आम्हाला बंड शिकवलं, पण समुद्रापलीकडची ती मोहीम काय होती ते कधीच कुणी सांगितलं नाही.

---

ऱ्हाइनकाठी

सत्तरीकर, हे मला अजिबात माहीत नव्हतं. यावर स्वतंत्र धागा काढा, आग्रहाची विनंती.

---

खडकीवाला

माझे वडील आणि आजोबा दोघेही खडकीच्या दारूगोळा कारखान्यात. तो कारखाना १८६९ चा. म्हणजे तुमची व्हेटर्ली पक्की झाली त्याच साली आमचा भोंगा सुरू झाला. जुन्या थ्री-नॉट-थ्रीच्या काडतुसाच्या बुडावर इंग्रजी के आणि एफ ही अक्षरं दिसतात, ती किर्की फॅक्टरीची. आजोबांकडे असं एक रिकामं काडतूस होतं, आम्ही त्याची शिटी वाजवायचो.

इथल्या शिपायांना मॅगझिनवाली बंदूक कधी मिळाली?

---

थ्रीनॉटथ्री

खडकीवाले, उशिरा. मुद्दाम उशिरा.

१८५७ नंतर इंग्रजांनी अलिखित नियमच केला होता: देशी पलटणीच्या हातातलं हत्यार गोऱ्या पलटणीपेक्षा एक पिढी मागे. गोऱ्यांकडे मार्टिनी तेव्हा आपल्याकडे स्नायडर. १८८८ च्या डिसेंबरात ब्रिटनने मॅगझिनवाली ली-मेटफर्ड (थ्री-नॉट-थ्रीची पहिली बंदूक) मंजूर केली, आणि मग कुठे आपल्याकडे मार्टिनी उतरली. १८९७ च्या, वायव्य सरहद्दीवरच्या तिराहच्या मोहिमेत गोरे ली-मेटफर्ड घेऊन आणि शेजारचा हिंदी शिपाई मार्टिनीने एकेक काडतूस घालत, तेही काळ्या दारूचं. बार केला की धुराचा पुंजका, आणि वरच्या कड्यावरच्या आफ्रिदी टोळीवाल्याला नेम धरायला आयती खूण.

या बंदुकीच्या नावातले मेटफर्ड हे इंग्रज इंजिनियर. १८५७ मध्ये ईस्ट इंडियन रेल्वेच्या नोकरीवर मुंगेरला आले, ते नेमके उठावाच्या गदारोळात. तिथल्या बंदोबस्तात राबून तब्येत बिघडली आणि वर्षभरात परतले. मुंगेर! जिथे मीर कासीमने बंदुकांचा कारखाना घातला आणि जिथल्या गावठी कट्ट्यांच्या बातम्या आपण अजून वाचतो.

आणि ऱ्हाइनकाठी, तुमच्या आजोबांना सांगा, थ्री-नॉट-थ्रीच्या गोळीचं मूळ स्वित्झर्लंडचंच आहे. थुनच्या कारखान्यातले मेजर एदुआर्द रुबिन यांनी १८८० च्या दशकात शिशाच्या गोळीला तांब्याचं कवच चढवून लहान व्यासाची गोळी बनवली. ब्रिटिशांनी तिच्यावरूनच आपली बेतली. कवचाने गोळी सरळ आरपार जायला लागली, समोरचा पडेना अशी सरहद्दीवरून ओरड झाली, म्हणून कलकत्त्याजवळच्या डमडमला कॅप्टन बर्टी-क्ले यांनी टोकाचं कवच उघडं ठेवलं. तीच डमडम गोळी. १८९९ मध्ये हेगच्या परिषदेत तसल्या फुलणाऱ्या गोळ्यांवर बंदी आली.

---

बोरीबंदर

आणि ती थ्री-नॉट-थ्री २००८ च्या नोव्हेंबरात सीएसटीवर आमच्या पोलिसांच्या हातात होती. समोर एके-४७. इतिहास म्हणून वाचताना मजा येते, पण हे विसरवत नाही.

---

थ्रीनॉटथ्री

खरं आहे. मूळ रचना १८८८ ची. यावर बोलण्यासारखं काही नाही.

---

माजी_कॅडेट

वातावरण जड झालं, म्हणून एक भाषेचा प्रश्न. ट्रिगरला चाप, हॅमरला घोडा, बेयोनेटला संगीन, बटला दस्ता, हे सगळं आपल्याकडे आहे. बोल्टला मराठीत काय म्हणायचं? लेखात "कडी" वाचून बरं वाटलं.

---

चिकित्सक_बापू

काही म्हणू नका, बोल्टच म्हणा. हवालदारसुद्धा "बोल्ट खोल" असंच ओरडतो. आपण इथे "कडीदार पुनर्भरणी बंदूक" असं काहीतरी काढू आणि मग ते कुणीतरी शासकीय कोशात घालेल.

---

मीनाक्षी७

बापू 😀

ऱ्हाइनकाठी, व्हेटर्लींचं पुढे काय झालं?

---

ऱ्हाइनकाठी

१८८२ मध्ये गेले. लेबेल बघायला नव्हते, ते बरंच म्हणायचं. त्यांच्या बंदुकीची जागा १८८९ मध्ये श्मिट-रुबिनने घेतली. श्मिट म्हणजे कर्नल रुडोल्फ श्मिट, आणि रुबिन म्हणजे थ्रीनॉटथ्रींनी वर सांगितले तेच. म्हणजे व्हेटर्लीला निवृत्त करणारी गोळी थुनची आणि आपल्या थ्री-नॉट-थ्रीची आजीही थुनचीच. हे मला आज या धाग्यावर कळलं, माझ्या लेखात नव्हतं.

संध्याकाळी खाली जाऊन आजोबांना सगळं सांगितलं: खडकी, मुंगेर, सत्तरी, आडवा. इटलीने मॅगझिन काढून टाकलं हे ऐकून म्हातारा इतका हसला की खोकला लागला. मग खुर्चीवर चढून त्यांनी बंदूक उतरवली, बोल्ट मागे ओढून आत बोट घातलं आणि उचलपट्टी वर-खाली करून दाखवली. खट, खट. दीडशे वर्षांनी अजून तेल लावलेली. म्हणाले, काडतुसं बनणं कधीच बंद झालं, उडवायची कशाने?

---

कोपऱ्यावरची_टपरी

फोटो टाका. उचलपट्टी वर असतानाचा.